मध्यरात्रीचा सूर्य कोठे पाहावा?

आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांना मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा होता. त्यांच्यापुढे दोन सागरसफरी होत्या : जूनमध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याने नॉर्थ केपपर्यंत, किंवा डिसेंबरमध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे. "दक्षिणेसच जावे म्हणतो," ते म्हणाले. मी कागद पुढे ओढला.

२१ जूनला सूर्य विषुववृत्ताच्या २३.४ अंश उत्तरेस असतो. त्या मध्यरात्री उत्तरेकडील स्थळी सूर्याची क्षितिजापासूनची उंची हवी असेल, तर अक्षांशातून ६६.६ वजा करा. नॉर्थ केपचा अक्षांश ७१.२. म्हणजे सूर्य ४.६ अंश वर, स्वतःच्या व्यासाच्या सुमारे नऊपट उंचीवर! दक्षिणेत २१ डिसेंबरला हेच गणित लागू पडते. पण द्वीपकल्पाच्या सफरी बहुधा ६५ अंशांच्या आसपासूनच परततात. उत्तर येते उणे १.६. वातावरणातील वक्रीभवन सूर्यबिंब अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उचलून दाखवते, परंतु तेवढ्याने भागत नाही. काळोख होत नाही, सूर्य मात्र बुडतोच.

शिवाय वाटेत ड्रेक सामुद्रधुनी. तेथील अक्षांशांवर पृथ्वीभोवती कोठेही जमीन आडवी येत नाही. लाटा वाढवायला वाऱ्याला मोकळे रान! नॉर्वेचा मार्ग बराचसा बेटांच्या आडोशाने जातो. आणि आमच्या प्राध्यापकांना तर एसटीतून घाटही सोसत नाही.

त्यांनी नॉर्वे ठरवले. पेंग्विन हुकले म्हणून नात अजून रुसलेली आहे.