हेलपाटा कुणाचा वाचला?

१९८२ साली अमेरिकेत, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात, संगणकशास्त्र विभागाच्या इमारतीत कोकाकोलाचं एक यंत्र होतं. विभागाच्या खोल्या लांबवर पसरलेल्या. चालत तिथवर जावं, तर यंत्र रिकामं. नाहीतर बाटल्या नुकत्याच भरलेल्या आणि कोमट. शेवटी चौघांनी मिळून यंत्रातल्या ‘संपलं’ दाखवणाऱ्या दिव्यांना तारा जोडल्या आणि त्या विभागाच्या संगणकापर्यंत नेल्या. कुठल्या रांगेत बाटली कधी भरली याचा हिशेब प्रोग्राम ठेवू लागला. भरून तीन तास झाले की ‘गार’ असा शेरा पडे. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर तेव्हा तीनशेही संगणक नव्हते, पण त्यांतल्या कुठूनही ही चौकशी करता येई.

केंब्रिजमध्ये १९९१ साली हीच कथा कॉफीच्या बाबतीत घडली. ‘ट्रोजन रूम’ नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एकच यंत्र, आणि जिने चढून येणारे पुष्कळ. संगणक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याची कृष्णधवल चित्रं सगळ्यांच्या पडद्यावर आणली. १९९३ मध्ये तो कॅमेरा वेबला जोडला गेला आणि जगभरचे लोक परक्यांच्या कॉफीचं भांडं न्याहाळत बसले. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाल्यावर ‘श्पीगल’ या जर्मन साप्ताहिकाच्या वेब आवृत्तीनं ते यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना घेतलं. त्याआधी १९९० मध्ये जॉन रॉम्की यांनी एका प्रदर्शनात इंटरनेटवरून चालू-बंद होणारा टोस्टर दाखवला होता. त्यात पाव मात्र हातानंच घालावा लागे. पुढच्या वर्षी त्यासाठीही एक छोटी क्रेन बसवण्यात आली.

हे उद्योग हौशी होते, पण त्यांत एक गोष्ट सरळ होती. ज्याला गरज, त्यानंच जोडणी केली, आणि माहितीही त्याच्याकडेच आली. पुढच्या चाळीसेक वर्षांत जोडणी घराघरांत पोचली. हा सरळपणा मात्र वाटेत सुटत गेला.

‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’, म्हणजे वस्तूंचं इंटरनेट, हे नाव १९९९ मध्ये केव्हिन ॲश्टन यांनी एका सादरीकरणाला दिलं. ते तेव्हा प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये होते. लिपस्टिकची एक खपाऊ छटा दुकानाच्या फळीवरून सारखी संपलेली असे आणि गोदामात पडून असे. फळीवर काय आहे हे फळीनंच सांगावं, म्हणून त्यांनी रेडिओ लहरींवर ओळख पटवणाऱ्या चिपांचा आग्रह धरला. तेच तंत्र आज आपल्या गाड्यांच्या काचेवर आहे. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या वाचकयंत्राच्या लहरींतून मिळणाऱ्या ऊर्जेवर तो क्षणभर जागा होऊन आपला क्रमांक सांगतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो सक्तीचा झाला. सुट्ट्या पैशांची कटकट संपली, आणि त्याचबरोबर कुठली गाडी कुठल्या नाक्यावरून किती वाजता गेली याची नोंद सुरू झाली. दोन्ही गोष्टी एकाच चिकटपट्टीतून आल्या.

महाराष्ट्रात मात्र वस्तू दुरून जोडण्याच्या या तंत्राची खरी निकड दिवाणखान्यात नव्हती, विहिरीवर होती. शेतीपंपांना थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीच्या पाळीत हातात बॅटरी घेऊन, सापाकिरड्याची आणि जुन्नरसारख्या भागात बिबट्याची धास्ती बाळगत शेतकरी मोटर चालू करायला जातो. लाइट आली नसेल तर तसाच परत येतो. यावर पहिला उपाय निघाला तो ऑटो स्विचचा. वीज आली की मोटर आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या (रोहित्रावरच्या) सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या की भार झेपत नाही आणि डीपी जळते. ऑटो स्विच काढून टाका, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. शिवाय पाणी वाहून जातं ते वेगळंच.

मोबाईल स्टार्टरनं यातून चांगली वाट काढली. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड बसतं. शेतकरी घरून फोन लावतो, वीज आहे का ते कळतं, मग मोटर चालू किंवा बंद करता येते. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे त्यातलं गाजलेलं नाव. इथं निर्णय माणसाच्याच हाती राहिला, वाचला तो फक्त अंधारातला हेलपाटा. पुढे नाशिकच्या द्राक्षबागांत पानांचा ओलावा आणि मातीतली ओल मोजणारे सेन्सर आले. पान किती वेळ ओलं राहिलं यावर डाउनी या बुरशीजन्य रोगाचा धोका ठरतो. तो आकडा हाती असला की फवारणी अंदाजानं करावी लागत नाही.

घरांत ही उपकरणं शिरली ती २०१० नंतर. स्मार्टफोन हाती आला होता आणि वाय-फाय पकडणाऱ्या चिपा अगदी स्वस्त झाल्या होत्या. २०१४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. गुगलनं नेस्ट ही घरातलं तापमान राखणारी उपकरणं बनवणारी कंपनी ३२० कोटी डॉलरना विकत घेतली, आणि ॲमेझॉननं एको हा बोलका स्पीकर बाजारात आणला. तो भारतात २०१७ मध्ये आला. या उपकरणांची रचना साधारण एकच असते. सेन्सर मोजतो, चिप ते वाय-फायवरून पाठवते, कंपनीचा दूरचा सर्व्हर त्याचा अर्थ लावतो आणि आज्ञा परत येते. दिवाणखान्यात बसून ‘दिवा लाव’ म्हटलं की आपला आवाज बहुधा शेकडो मैल लांबच्या सर्व्हरपर्यंत जाऊन चार हातांवरच्या दिव्यापाशी पोचतो. काम क्षणात होतं, त्यामुळे हा वळसा जाणवत नाही.

वळसा तुटला की मात्र तो दिसतो. नेस्टनं रिव्हॉल्व्ह नावाचं घर-नियंत्रक बनवणारी कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचे सर्व्हर बंद केले. लोकांनी तीनशे डॉलर मोजून घेतलेली चांगली यंत्रं एका दिवसात निकामी झाली. ७ डिसेंबर २०२१ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या सर्व्हरांत बिघाड झाला, तेव्हा ॲपवरून झाडलोट करणारे यंत्रमानव आणि दारावरच्या कॅमेरा-घंटा अडून बसल्या. घरात वीज होती, यंत्रंही धड होती.

त्याहून मोठा धडा २१ ऑक्टोबर २०१६ चा. त्या दिवशी ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं अमेरिकेत अनेकांना उघडेनात. हल्ला झाला होता तो लोकांच्या घरादुकानांतल्या कॅमेऱ्यांकडून आणि रेकॉर्डरांकडून. ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरावीक पासवर्डांची यादी होती. ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता त्यांची उपकरणं त्यानं ताब्यात घेतली आणि सगळ्यांकडून एकाच लक्ष्यावर मारा करवला. मालकांना पत्ताही नव्हता. असे सोपे ठरावीक पासवर्ड घालून उपकरणं विकायला ब्रिटननं एप्रिल २०२४ पासून कायद्यानं बंदी घातली. भारतानंही २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षा-निकष काढले. २०१६ आणि २०२४ यांतलं अंतर बोलकं आहे.

दरम्यान उपयोगाची यादी वाढतच होती. मधुमेह्याच्या दंडावरचा सेन्सर दर काही मिनिटांनी साखर मोजून फोनला कळवतो आणि बोटाला सारखी सुई टोचणं टळतं. पुण्यात आईवडील आणि मुलं परदेशात, अशा कित्येक घरांत कॅमेरा लागला. काही घरांत तो आधार ठरला, काहींत पहारा. हा फरक बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतो: लावण्यापूर्वी आईवडिलांना विचारलं होतं की नाही.

सर्वांत मोठी जोडणी आता वीजमीटरची चालू आहे. २०२१ च्या केंद्रीय योजनेत देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. महाराष्ट्रात या प्रीपेड मीटरांना कडाडून विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना ते लावणार नसल्याची घोषणा झाली. त्यानंतर टीओडी (‘टाइम ऑफ डे’) नावानं स्मार्ट मीटर आले, बिल पूर्वीसारखंच महिनाअखेर. दिवसा वापरलेल्या विजेला सवलत हा त्यांचा घोषित फायदा. पण दिवसातल्या वेळेनुसार वापर मोजणारा मीटर घर कधी उठतं, कधी झोपतं आणि कधी रिकामं असतं हेही सांगतो.

इतक्या वर्षांत एक कसोटी टिकून राहिली आहे. उपकरण कुणाचा हेलपाटा वाचवतं? मोबाईल स्टार्टर शेतकऱ्याचा वाचवतो, साखरेचा सेन्सर रुग्णाचा. स्मार्ट मीटर मुख्यतः कंपनीचा वाचवतो, म्हणून त्या बचतीचा वाटा बिलात दिसला पाहिजे आणि नोंदींवर ग्राहकाचा हक्क मानला गेला पाहिजे. इंटरनेटला जोडलेला फ्रिज एलजीनं २००० सालीच आणला होता, तो आपटला. फ्रिजपर्यंतचा हेलपाटा तसाही कुणाला जड नव्हता. तेव्हा पुढचं ‘स्मार्ट’ उपकरण घेताना दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: नेट नसताना हे चालेल का, आणि यातली नोंद कुठं जाते? उत्तर मिळालं नाही, तर साधं बटण असलेलं उपकरण मागा. ते अजून मिळतं, आणि स्वस्तही असतं.