फुलीचा टाका : लेखांक ४ – नमुना वाचताना, नमुना मांडताना

मागच्या आठवड्यात आपण कापडाची घरे मोजली. आज कागदावरची घरे. क्रॉसस्टिच बिघडते ते सहसा हातामुळे नाही. टाका एकच आहे आणि तो अर्ध्या तासात जमतो. बिघडते ते हिशेबामुळे: मोर अर्धा झाल्यावर कळते की तुरा कापडाबाहेर चालला आहे, किंवा निळा धागा संपला आहे आणि दुकानातली नवी लडी थोडी वेगळी दिसते आहे. हे सगळे सुई हातात घेण्याआधी कळू शकते, फक्त नमुना नीट वाचायला हवा.

नमुना तुम्हाला घरे सांगतो, इंच सांगत नाही. इंच ठरवते कापड. समजा नमुना १४० घरे रुंद आणि ९८ घरे उंच आहे. १४ काउंटच्या आयडावर, म्हणजे एका इंचात १४ घरे असलेल्या कापडावर, तो १० इंच बाय ७ इंच होईल. ११ काउंटवर तोच पावणेतेरा बाय नऊच्या आसपास जाईल, आणि १८ काउंटवर आठ बाय साडेपाचच्याही आत बसेल. घरांच्या संख्येला काउंटने भागायचे, एवढेच गणित. त्यात चारही बाजूंना तीन-तीन इंच मिळवा, कारण फ्रेमवाल्याला कापड मागे दुमडायला जागा लागते. म्हणजे १४ काउंटसाठी १६ बाय १३ इंचाचा तुकडा घ्यायचा. लिननवर काम करणारे दोन-दोन धागे मिळून एक घर धरतात, म्हणून २८ काउंटचे लिनन व्यवहारात १४ काउंटचेच होते.

आपल्याकडे खरी अडचण मॅटीची. आयडाच्या पाकिटावर काउंट छापलेला असतो; ताग्यातून कापून मिळणाऱ्या मॅटीवर काहीच लिहिलेले नसते. दुकानदाराला विचारले तर तो ‘बारीक’ किंवा ‘जाड’ एवढेच सांगतो. त्यामुळे पट्टी घेऊन स्वतः मोजायचे, आणि दोन्ही दिशांना मोजायचे. हे दुसरे फार जण करत नाहीत. आडव्या दिशेला इंचात ११ घरे आणि उभ्या दिशेला १२, अशी मॅटी बाजारात सहज मिळते. तिच्यावर ११० बाय ११० घरांचे कमळ काढले तर ते १० इंच रुंद आणि जेमतेम सव्वानऊ इंच उंच होते. कमळ हे सहन करते. गोल चंद्र करत नाही, तो अंडाकृती होतो. एक इंच मोजून भागत नाही. चार इंचांत किती घरे येतात ते मोजा आणि चाराने भागा, फरक लगेच दिसतो. विणकामाच्या पुस्तकातला नमुना उचलणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. सुयांवर विणलेले घर उंचीपेक्षा रुंद असते, म्हणून विणकामासाठी नीट मांडलेला हत्ती क्रॉसस्टिचमध्ये उगाच उंच आणि बारीक निघतो.

आता चिन्हे. नमुन्याच्या प्रत्येक घरात एक खूण असते – त्रिकोण, भरीव ठिपका, तिरकी रेघ – आणि बाजूच्या तक्त्यात त्या खुणेचा रंग क्रमांकाने दिलेला असतो. डीएमसीचा ३१० म्हणजे काळा, अँकरचा ४०३ म्हणजेही काळा. दोन्ही कंपन्यांचे क्रमांक जुळवून देणारे तक्ते मिळतात. ते जवळचा रंग सांगतात, तोच रंग नाही. एका फुलाच्या पाच छटांपैकी तीन एका कंपनीच्या आणि दोन दुसऱ्या कंपनीच्या घेतल्या की पाकळीवर नको तिथे पट्टा उमटतो. छटांची एक मालिका एकाच कंपनीची घ्यावी. नुसत्या रंगीत चौकटींचा नमुना शक्यतो टाळा. छापताना रंग बदलतात, झेरॉक्समध्ये तर दोन गुलाबी ओळखूच येत नाहीत. काळ्या खुणांचा नमुना दिसायला रूक्ष असतो, पण वाचायला तोच बरा.

दर दहा घरांनी नमुन्यावर जाड रेघ असते. कापडावरही दर दहा घरांवर एकेरी धाग्याचा धावदोरा घालून घ्या. दोन-तीन तास जातात, कंटाळा येतो. पण पुढे चुकलेले एक घर शोधत बसावे लागत नाही. चारही कडांवरचे बाण मधल्या रेषा दाखवतात. त्या जिथे छेदतात तो नमुन्याचा मध्य; कापडाची चौघडी घालून त्याचाही मध्य काढा आणि तिथूनच सुरुवात करा. झालेले टाके नमुन्यावर पेन्सिलीने हलके रंगवत चला.

कागदावर घरे आखून भरतकाम पोहोचवण्याची ही पद्धत पाचशे वर्षे जुनी आहे. छापील नमुनापुस्तकांतले अगदी पहिल्यांपैकी एक जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात योहान श्योन्सपेर्गरने १५२४ च्या सुमारास काढले. त्याआधी आणि नंतरही बराच काळ पुस्तकाचे काम कापडच करत असे: बायका एका लांब पट्टीवर पाहिलेले नमुने टाकून ठेवत, म्हणजे पुढे लागतील तेव्हा उतरवता येत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉकची १५९८ सालची अशी पट्टी आहे. साल घातलेल्या ब्रिटिश पट्ट्यांपैकी आज माहीत असलेली ती सर्वांत जुनी. तिच्यावर अक्षरे आहेत, प्राणी आहेत, आणि १५९६ मध्ये जन्मलेल्या एका मुलीच्या जन्माची नोंदही आहे.

मग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या प्रकाशकांनी चौकटींच्या कागदावर नमुने छापून ते हाताने रंगवून विकायला सुरुवात केली. एक घर, एक टाका, घरातला रंग तोच लोकरीचा रंग. चित्र काढता न येणाऱ्या बाईलाही गुलाबांचा गुच्छ भरता येऊ लागला. ‘बर्लिन वूलवर्क’ या नावाने ही लाट युरोप-अमेरिकेत पसरली. १८५६ नंतर रासायनिक रंग आले आणि लोकर इतकी भडक झाली की त्या काळच्या काही उशा आज पाहतानाही डोळे दिपतात. सुती धाग्याला आणि आजच्या शिस्तीला हातभार लावला तो तेरेज द दिलमाँ या ऑस्ट्रियन बाईने. फ्रान्समधल्या म्युलूजच्या डीएमसी कंपनीशी जोडून घेऊन तिने १८८६ मध्ये हस्तकामाचा कोश प्रसिद्ध केला. तो अनेक भाषांत गेला आणि अजूनही छापला जातो.

आपल्या शेजारी मात्र कागदाशिवाय चालणारी एक मोजणी आहे. धारवाड-हुबळी भागातली कसुती. इरकली साडीच्या पदरावर गोपूर, रथ, हत्ती, पालखी, तुळशी वृंदावन असे नमुने कापडाचे धागे मोजून भरले जातात. कापडावर छाप नाही, पेन्सिल नाही, गाठही नाही. कसुतीचे चार टाके: गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपली फुलीच. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारख्या दिसतात, मेंथी तशी दिसत नाही. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या घरांत जुनी इरकली असेल तर पदर उलटा करून पाहा. कुठे कुठला टाका आहे ते लगेच ओळखता येईल. मला स्वतःला बर्लिनच्या गुलाबांपेक्षा कसुतीचे नमुने क्रॉसस्टिचसाठी कितीतरी बरे वाटतात. ते मुळातच मोजणीतून जन्मलेले आहेत, त्यामुळे घरांच्या कागदावर उतरवताना त्यांचे काहीच हरवत नाही. उभी, आडवी आणि बरोबर कोपऱ्यातून जाणारी तिरकी रेघ फुलीला छान जमते. त्याहून कमी-जास्त कलती रेघ पायऱ्यापायऱ्यांची होते. वारली चित्रांतले त्रिकोणी देह म्हणूनच मॅटीवर शोभतात. त्यांचे काडीसारखे हातपाय मात्र फुल्यांनी भरू नका, बॅकस्टिचने काढा.

धाग्याचा हिशेब थोडा सावकाश मांडतो, कारण तो सहसा कुणी सांगत नाही. एका फुलीत पुढच्या बाजूला दोन तिरके टाके असतात आणि मागे दोन उभे. १४ काउंटवर या सगळ्याची लांबी सुमारे ९ मिलिमीटर होते. अँकरची किंवा डीएमसीची लडी ८ मीटरची, सहा पदरांची. १४ काउंटला आपण दोन पदर घेतो, म्हणजे एका लडीतून २४ मीटर दुपदरी धागा मिळतो. भागाकार केला तर साधारण २,६०० फुल्या. सुरुवातीचे-शेवटचे तुकडे, उसवलेले टाके, एका जागेवरून दुसरीकडे मागून नेलेला धागा यांसाठी पाव भाग सोडा; हाती राहतात २,००० च्या आसपास. ११ काउंटवर तीन पदर लागतात आणि फुलीही मोठी, तिथे एक लडी १,१०० फुल्यांतच संपते. म्हणजे जाड मॅटी स्वस्त पडते हा समज धाग्याच्या बाबतीत खरा नाही. नमुन्यातल्या निळ्या आकाशात ५,००० घरे असतील तर १४ काउंटसाठी तीन लड्या एकाच दिवशी, एकाच लॉटच्या घ्या.

हल्ली फोटो टाकला की नमुना करून देणारी अ‍ॅप्स आली आहेत, आणि आजीचा फोटो भरण्याची इच्छा बहुतेकांना कधी ना कधी होतेच. त्यांच्यासाठी थोडे आकडे. २०० बाय २५० घरांचा पूर्ण भरलेला नमुना म्हणजे ५०,००० फुल्या. तासाला शंभर धरल्या तर ५०० तास. तेही परवडेल, पण अ‍ॅप सत्तर-ऐंशी रंग वापरते आणि गालावर एक घर एका रंगाचे, शेजारचे दुसऱ्याच, असे शिंतोडे उडवते. प्रत्येक एकट्या टाक्यासाठी नवा धागा ओवायचा, मागे दडपायचा, कापायचा. रंगांची संख्या पंचवीसच्या आत आणा, पार्श्वभूमी पूर्ण काढून तिथे कापड मोकळे ठेवा, आणि उरलेली एकटी घरे हाताने शेजारच्या रंगात मिळवून टाका. हे तीन बदल न करता मिळालेला अ‍ॅपचा नमुना घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुणी कष्टाने मांडलेला विकतचा नमुना पीडीएफ म्हणून गटागटांत फिरवू नये, हेही जाता जाता.

आता स्वतःचा नमुना. त्यासाठी शाळेचा आलेख कागद नको, मिलिमीटरच्या घरात खूण काढणे कठीण. लहान मुलांची गणिताची चौकटी वही उत्तम. सुरुवात अक्षरांनी करा. रोमन अक्षरांचे तक्ते शेकड्यांनी मिळतात. देवनागरीचे कमी, आणि मिळतात त्यांतले बरेच हिंदी वळणाचे. त्यांतला ल आणि श आपला नसतो. म्हणून आपणच मांडावे. शिरोरेषेला एक ओळ, अक्षराच्या धडाला तिच्याखाली आठ ओळी. वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेवर चार ओळी मागतात, उकार धडाखाली चार. एकूण सतरा. १४ काउंटवर ही उंची सव्वा इंचाच्या थोडी आत बसते, ११ काउंटवर दीड इंचाच्या थोडी वर.

रुंदीला एकच नियम नाही. ग, त, न सात-आठ घरांत होतात. ळ ला शेजारी शेजारी दोन पोकळ्या लागतात. प्रत्येक पोकळी दोन घरांची ठेवली आणि मधली रेघ दोघींत वाटून घेतली तर सात घरे. पोकळी एका घराची केली तर लांबून ती भरलेलीच दिसते, म्हणून याहून लहान जाऊ नका. जोडाक्षरांना दहा-बारा घरे द्या. शब्दात शिरोरेषा अखंड चालवा आणि अक्षरांमध्ये तिच्याखाली दोन घरे मोकळी सोडा. दोन शब्दांमध्ये चार. दारावरच्या तोरणासाठी सगळ्या रेघा दोन घरे जाड करा, नाहीतर सहा फुटांवरून वाचता येत नाही. अशा जाड अक्षरांसाठी धडही बारा-तेरा ओळींचे करावे लागते. ‘सुस्वागतम्’ साध्या एकेरी रेघेत साधारण पन्नास-पंचावन्न घरांत बसतो, म्हणजे ११ काउंटच्या मॅटीवर पाच इंचांच्या आत.

बाळाच्या दुपट्यावर नाव घालायचे असेल तर तिथे मोजायला घरेच नसतात. त्यासाठी वेस्ट कॅनव्हास नावाची जाळी मिळते. ती दुपट्यावर कच्ची टाचून तिच्यावर फुल्या घालायच्या, मग ओली करून तिचे धागे एकेक करून ओढून काढायचे. फुल्या मऊ कापडावर राहतात. टाका फक्त जाळीच्या छिद्रांतून घ्या. जाळीचा धागा सुईने टोचला गेला तर तो पुढे निघत नाही.

पुढच्या लेखांकात पूर्ण झालेले काम धुणे, लाल रंग पसरू न देणे आणि फ्रेमसाठी ताणणे पाहू. तोवर घरातल्या एका माणसाचे नाव चौकटी वहीवर सतरा ओळींत मांडा, आणि मॅटी घ्यायला जाताना पट्टी बरोबर न्यायला विसरू नका.