शिंगांचा हिशेब

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात शिकाऱ्यांच्या एका संघटनेनं लिलाव भरवला. विकायला होता नामिबियातला एक काळा गेंडा मारण्याचा परवाना. बोली साडेतीन लाख डॉलरवर थांबली. ती जिंकणाऱ्या टेक्सासच्या शिकाऱ्याला जीवे मारण्याच्या धमक्या आल्या. जगात तेव्हा जेमतेम पाच हजार काळे गेंडे उरले होते. त्यातला एक मारता यावा म्हणून कुणी एवढे पैसे मोजतो, हे वाचून मलाही संताप आला होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात तो गेंडा मारला गेला.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. शिकारीचं समर्थन मला तेव्हा जमत नव्हतं, आजही मनापासून जमत नाही. भिंतीवर टांगायला मुंडकं हवं म्हणून जीव घेण्यात कसला आनंद असतो, हे मला कळत नाही. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं, की माझ्या संतापात त्या गेंड्याच्या शेजारी राहणारी माणसं कुठेच नव्हती.

आधी गेंड्याबद्दल. तो शिकाऱ्यानं मनाला येईल तसा निवडलेला नव्हता. म्हातारा नर प्रजननातून बाद झाला तरी आपला टापू सोडत नाही. तरुण नरांना, प्रसंगी माद्या-पिल्लांनाही तो शिंगानं भोसकून मारतो. असेच नर हेरून नामिबियाचं पर्यावरण खातं परवाना देतं. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारानं २००४ साली बँकॉकच्या बैठकीत नामिबियाला वर्षाला पाच काळ्या गेंड्यांची मुभा दिली. परवान्यांचे पैसे सरकारी तिजोरीत मिसळत नाहीत. ते एका स्वतंत्र निधीत जातात आणि वन्यजीव व त्यांच्या शेजारची गावं यांच्यासाठीच खर्च करावे लागतात. काळे गेंडे संपत आले ते या परवान्यांमुळे नव्हेच. येमेनमधल्या खंजिरांच्या मुठींसाठी आणि पूर्व आशियातल्या औषधांसाठी चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपवले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हजारोंच्या हजारो गेले आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला अडीच हजारांच्या आत उरले. आज ते सहा हजारांच्या पुढे आहेत, आणि त्यातले जवळपास एक तृतीयांश नामिबियात आहेत.

हे कसं घडलं, ते समजून घ्यायला नामिबियाच्या वायव्येला, कुनेने भागात जावं लागतं. दगडगोट्यांचं वाळवंट, कोरड्या नद्या, आणि गुरं-शेळ्यांवर जगणारे हिंबा, हेरेरो, दमारा लोक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे असा दुष्काळ पडला, की हिंबांची बहुतेक गुरं मेली. देश दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता, सीमेवर युद्ध पेटलेलं होतं आणि बंदुका घरोघरी पोचल्या होत्या. उपाशी माणसं मांसासाठी मारत होती, बाकीचे हस्तिदंतासाठी आणि शिंगांसाठी. त्यात अधिकारी आणि सैनिकही होते.

गार्थ ओवेन-स्मिथ या गोऱ्या संवर्धकानं तेव्हा केलेली गोष्ट आज साधी वाटते. चोर पकडायला आणखी शिपाई मागण्याऐवजी तो गावच्या मुखियांकडे गेला. ही जनावरं नाहीशी झाली तर तुम्हाला चालेल का, असं त्यानं विचारलं. मुखियांना ते चालणार नव्हतं. मग त्यांनी आपल्याच माणसांतून राखणदार नेमले. त्यांच्यात पूर्वी स्वतः शिकार केलेलेही होते. मोबदला म्हणून मक्याचं पीठ आणि थोडी रोकड मिळे. हातात बंदूक नव्हती. ठसे ओळखण्याचं ज्ञान होतं आणि गावाचा शब्द पाठीशी होता. चोरटी शिकार ओसरली. ओवेन-स्मिथ आणि त्याची सहकारी मार्गारेट जेकबसन यांना १९९३ साली गोल्डमन पुरस्कार मिळाला.

पण राखणदारी पुरेशी नव्हती, कारण कायदा वाकडा होता. १९७५ पासून गोऱ्या शेतमालकाला स्वतःच्या जमिनीवरच्या जनावरांवर हक्क होता. शिकार विकायची, मांस विकायचं, पैसे खिशात घालायचे. काळ्या गावकऱ्याला त्याच जनावरांवर काहीही हक्क नव्हता. त्याच्या वाट्याला तुडवलेलं शेत आणि मेलेली शेळी. १९९० साली देश स्वतंत्र झाला आणि १९९६ च्या दुरुस्तीनं तोच हक्क गावांना मिळाला. गावांनी सीमा ठरवायच्या, सभासदांची यादी करायची, समिती निवडायची, मिळकत कशी वाटायची ते लिहून ठेवायचं. या व्यवस्थेला तिथे ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणतात. १९९८ साली पहिल्या चार नोंदल्या गेल्या. आज ऐंशीच्या वर आहेत आणि देशाची साधारण एक पंचमांश जमीन त्यांच्याखाली आहे. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट शिकारीची वाटत नाही. वर्णभेदानं दिलेली एक विषमता या कायद्यानं पुसली, ती मोठी वाटते.

शिकार तिथे येते ती खर्च भागवायला. राखणदारांचे पगार, गाडीचं डिझेल, मारलेल्या गुरांची भरपाई हे सगळं कुठून आणायचं? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७७ कॉन्झर्व्हन्सींचे १९९८ ते २०१३ या काळातले हिशेब तपासले होते. शिकारीतून मिळकत साधारण तीन वर्षांत सुरू होते, पर्यटनातून सहा वर्षांनी. पर्यटन मुख्यतः नोकऱ्या देतं. शिकार समितीला रोकड देते आणि घराघरात मांस. शिकार बंद झाली तर स्वतःचा खर्च भागवू शकणाऱ्या कॉन्झर्व्हन्सींची संख्या मोठ्या प्रमाणात घटेल, असं त्या गणितातून निघालं. पर्यटन थांबलं तर फटका बसेल, पण तेवढा नाही.

याचं कारण नकाशात आहे. न्याए न्याए ही १९९८ च्या त्या चारांतली एक. पूर्वेकडच्या सपाट, कोरड्या रानात सान लोकांची, जूहोआन्सींची ही जमीन. इथे मोठा विमानतळ नाही, उंच डोंगर नाहीत, छायाचित्रासाठी गाडी थांबवावी असं फारसं काही नाही. पर्यटक तुरळक येतात, शिकारी येतो. त्यानं मारलेल्या हत्तीचं मांस गावांत वाटलं जातं आणि कराराच्या रकमेतून प्रौढ सभासदांच्या हाती थोडे पैसे पडतात. ते फार नसतात, पण त्या रानात दुसरं कोणी आणून देत नाही. सहारापलीकडच्या आफ्रिकेत शिकारीसाठी राखलेली जमीन २००७ च्या एका पाहणीनुसार सुमारे १४ लाख चौरस किलोमीटर होती. म्हणजे साडेचार महाराष्ट्र. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या एकूण क्षेत्रापेक्षाही ती जास्त होती. तिचा बराच भाग असाच आहे, जिथे कॅमेरा घेऊन जायला कोणी तयार नसतं.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर सेसिल नावाचा तेरा वर्षांचा सिंह एका अमेरिकन दंतवैद्यानं बाणानं जखमी केला आणि काही तासांनी मारला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात पट्टा बसवलेला होता. सगळं जग पेटून उठलं. त्याच सुमारास कुनेनेतल्या पाच तरुण सिंहांवरचा माहितीपट गाजत होता. २०१६ साली त्यातल्या तिघांना तोमाकास परिसरात विष घालण्यात आलं. ते शिकाऱ्यांनी नाही, गुरं गमावलेल्या पशुपालकांनी घातलं. त्या तिघांसाठी जगात कुठेही तेवढा आवाज उठला नाही. सेसिलच्या मृत्यूनंतर झिंबाब्वेतल्या एका तरुणानं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलं होतं, की लहानपणी गावाभोवती फिरणारा सिंह मारला गेला तेव्हा गाव नाचलं होतं, कोणी आणि कशासाठी मारला, हे कुणी विचारलं नाही. पट्टा बांधलेल्या सिंहासाठी रडणाऱ्यांचा मला राग येत नाही. पण त्या गावचं भय त्यांनी ऐकून घ्यायला हवं होतं.

शिकारीचे समर्थक हे सगळं सांगतात आणि इथेच थांबतात. तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही.

सिंहाचंच घ्या. कळपाचा नर मारला की नवे नर येतात आणि आधीच्याची पिल्लं मारून टाकतात. एका गोळीत एक सिंह जातो, मागोमाग पिढी जाते. टांझानियात दीर्घकाळ काम केलेल्या क्रेग पॅकर यांच्या गटानं २००४ साली दाखवलं, की सहा वर्षांवरचेच नर मारले तर कळप टिकतात, कारण तोवर त्यांची पिल्लं मोठी झालेली असतात. वय ओळखायची खूणही त्यांनी सांगितली. सिंहाचं गुलाबी नाक वयाबरोबर काळं पडत जातं. दुर्बिणीतून नाक पाहायचं आणि मग ठरवायचं. मोझांबिकच्या नियासा अभयारण्यात हा नियम कसून पाळला गेला. इतर अनेक ठिकाणी हजारो डॉलर भरलेला, परतीचं तिकीट काढलेला पाहुणा शेजारी उभा असताना, तरुण सिंहाला ‘नको’ म्हणणारा वाटाड्या सापडणं कठीण. टांझानियात जिथे शिकारीचं प्रमाण सर्वांत जास्त, तिथेच सिंह सर्वांत वेगानं घटले, हेही पुढे पॅकर यांनीच मांडलं. कॅनडातल्या आल्बर्टात रॅम माउंटनवर तीसेक वर्षं मोठ्या शिंगांचे मेंढे निवडून मारले गेले, आणि पुढच्या पिढ्यांची शिंगं लहान होत गेली. शेतकरी उत्तम दाणा बियाण्याला राखतो. इथे तोच आधी उचलला.

दक्षिण आफ्रिकेत तर पिंजऱ्यात वाढवलेले सिंह कुंपणात सोडून मारायला देतात. अशा बंदिस्त सिंहांची संख्या हजारोंत आहे. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं हा धंदा बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. याला शिकार म्हणणं हाच शिकारीचा अपमान आहे, असं जुने शिकारीही म्हणतात. झिंबाब्वेच्या ‘कॅम्पफायर’ योजनेत, १९८९ पासून, पैसा जिल्हा परिषदांकडे गेला आणि गावापर्यंत पोचता पोचता आटला. नामिबियाचंही सगळं गोमटं नाही. गेल्या दशकभरातल्या दुष्काळांत कुनेनेतले झेब्रे, हरणं फार घटली. कोटे तेवढ्याच तत्परतेनं खाली आले का, यावर तिथेही वाद आहे.

उलट बाजूला पाकिस्तानातलं तोरघर आहे. बलुचिस्तानातल्या या डोंगररांगेत १९८० च्या दशकाच्या मध्याला मारखोर, म्हणजे पिळदार शिंगांचे रानबोकड, शंभराच्या आत उरले होते. स्थानिक पठाण टोळ्यांनी स्वतःची बंदूक खाली ठेवली, राखणदार नेमले आणि वर्षाला मोजके परवाने परदेशी शिकाऱ्यांना विकले. आज तिथे मारखोर हजारोंत आहेत. पाकिस्तानात मारखोरच्या परवान्याच्या रकमेतला ऐंशी टक्के वाटा गावाकडे जातो. चित्रालमध्ये एका परवान्याला अडीच लाख डॉलरहून जास्त बोली लागली आहे. आंतरराष्ट्रीय यादीत २०१५ साली मारखोर ‘संकटग्रस्त’ वर्गातून दोन पायऱ्या वर आला.

केनियाचं उदाहरण दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं देतात. तिथे १९७७ पासून शिकारबंदी आहे आणि त्यानंतरच्या चार दशकांत मोठी वन्य जनावरं सरासरी ६८ टक्क्यांनी घटली. ती बंदीमुळेच घटली, असं म्हणता येत नाही. कुंपणं वाढली, गुरं वाढली, माणसं वाढली. पण नुसत्या बंदीनं ती वाचली नाहीत, एवढं खरं. मारा परिसरात जिथे मसाई जमीनमालकांना पर्यटनातून दरमहा भाडं मिळू लागलं, तिथे जनावरं टिकली. म्हणजे बंदूक अटळ नाही. जनावराच्या शेजाऱ्याला काही मिळणं मात्र अटळ आहे.

हे आपल्याला परकं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोला आलेले पहिले आठ चित्ते याच नामिबियातून आले. त्याआधी कोल्हापूरच्या छत्रपतींच्या चित्तेखान्यातही आफ्रिकेतले चित्ते होते. चित्तेवान त्यांना शिकवून काळविटांवर सोडत. स्वातंत्र्यानंतर शिकार कंपन्यांनी परदेशी पाहुण्यांना भारतातले वाघ विकले. परकीय चलन मिळतं, हाच तेव्हाचाही युक्तिवाद होता. गावकऱ्याच्या वाट्याला हाका घालायची मजुरी आली. १९७० मध्ये वाघाची शिकार थांबली, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्या बंदीनं वाघ वाचवला, हे मी निःशंकपणे मानतो. ताडोबात वाघाचा परवाना विकावा, असं मला स्वप्नातही सुचणार नाही.

पण त्याच कायद्याखाली विदर्भातला शेतकरी हरभरा उगवल्यापासून काढेपर्यंत रात्री जागलीला मचाणावर बसतो. खाली रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी. सकाळी पीक लोळलेलं असलं की अर्ज, पंचनामा, वाट पाहणं. २०१६ मध्ये बिहारात नीलगायी मारण्यावरून तत्कालीन केंद्रीय मंत्री मेनका गांधी आणि पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांचं जाहीर वाजलं. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी तर १९७२ चा कायदाच ग्रामीण माणसावर अन्याय करतो, स्थानिक लोकांना नियंत्रित शिकारीचा हक्क हवा, अशी भूमिका घेतली. पुष्कळ निसर्गप्रेमींना ती धक्कादायक वाटली. मला त्यातला शिकारीचा भाग वादाचा वाटतो. निर्णय गावाच्या हाती असावा, हा भाग वादाचा वाटत नाही. जनावर देशाचं आणि नुकसान माझं, ही वाटणी शेतकऱ्यानं किती पिढ्या मुकाट्यानं मान्य करायची?

नामिबियातल्या राखणदाराजवळ एक वही असते. फिरताना दिसलेलं जनावर, पावसाची नोंद, लागलेला फास, हत्तीनं मोडलेली पाण्याची टाकी, बिबट्यानं नेलेली शेळी, सगळं त्यात चढतं. लिहिता-वाचता फार न येणाऱ्यालाही भरता यावी, अशी तिची रचना आहे. महिन्याच्या शेवटी त्यावरून तक्ते भरतात, वर्षाच्या शेवटी तपासणी होते. किती जनावरं आहेत, किती मारायला द्यायची, या चर्चेत हे आकडे पुढे येतात. सरकारला नक्कल जाते. मूळ वही गावात राहते.