एकोणपन्नासची बेरीज

मासिकाच्या पिना काढायला पक्कड लागत नाही, बोथट सुरीचं टोक पुरतं. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत मला हे फार उशिरा कळलं. तोवर रद्दीतून आणलेले मुलांच्या मासिकांचे अंक कपाटात नीट रचलेले होते आणि नीटच राहत होते. एक अंक, पोरं तीस. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी खिडकीबाहेरची शेळी बघायची.

शेवटी एक अंक सुटा केला आणि पानं सुतळीवर चिमट्यांनी टांगली. हवं ते काढा, वाचा, परत लावा.

पहिल्याच दिवशी चौथीतली एक मुलगी पान घेऊन आली. "सर, गोष्ट इथंच तुटली. पुढचं कुठं गेलं?" डावीकडे चौथं पान, शेजारी पंचेचाळिसावं, त्यावर कोडी. मी गप्प राहिलो. मास्तरासाठी याहून अवघड काम नाही. जीभ सारखी वळवळते. तिनं सगळी सुतळी धुंडाळून पाचवं पान काढलं. त्याच्या शेजारी चव्वेचाळिसावं होतं. मागून एक पोरगा म्हणाला, "बेरीज सारखीच येती." मग गोष्ट राहिली बाजूला, सगळे बेरजा करत सुटले. बाराच्या शेजारी सदतीस असणार, हे एकानं पान हातात यायच्या आधीच सांगितलं. कव्हर सोडून ४८ पानं, म्हणून प्रत्येक जोडीची बेरीज ४९.

गोष्टीचा शेवट त्या मुलीनं दुपारी एकटीनं वाचला, ओठ हलवत.

कोणतं पान वाचलं जातं, ते मी मळावरून ओळखतो. कोडी आणि भुताची गोष्ट काळवंडली आहेत. थोरांची चरित्रं अजून कोरी आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत पानं खिशातून घरी जातात आणि घडीत कापसाचे तंतू घेऊन परत येतात. काही येतही नाहीत. मी हिशेब ठेवत नाही.

बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक आता मोबाइलवर फुकट वाचता येतात, आणि तेही आम्ही वाचतो. पण तिथं चारनंतर मुकाट्यानं पाचच येतं, हुडकायला काही उरत नाही.

मग प्रश्न आला, "ह्यात भोकरदनचं काहीच काहून नाही?" मी सांगितलं, हेच जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथली माणसं होती, तशी नावं तिथं कोरलेली आहेत. इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला, आणि तशीच मूर्ती पार इटलीत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेईत सापडली. पोरांनी ठरवलं, आपणच अंक काढू. आठ पानांचा.

लिहिण्याचं काम त्याच मुलीकडे आलं. तिनं दोन कागद अंथरले आणि सरळ डावीकडून लिहीत गेली: एक, दोन, तीन, चार. कागद एकात एक घालून घडी घातली, तर शेवट मधोमध आला आणि मथळा गेला मागच्या पानावर. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फळा पुसायला लागलो. पाठीमागं नवे कागद उलगडल्याचा आवाज आला, आणि मग हळूच, "एक आणि आठ नऊ. दोन आणि सात…"