मिळेल त्या मैदानावर

वांद्र्याच्या मेरी डिसूझा १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १०० आणि २०० मीटर धावल्या. दोन्ही शर्यतींत त्या प्राथमिक फेरीतच बाद झाल्या. भारताच्या ६४ खेळाडूंमध्ये बाया चार: धावपटू मेरी आणि नीलिमा घोष, जलतरणपटू डॉली नाझीर आणि आरती साहा. फिनलंडला जायचे पैसे उभे करायला मेरीच्या मित्रमंडळींनी वांद्र्यात नाचगाण्याचे आणि पत्त्यांचे कार्यक्रम ठेवले होते. त्याच ऑलिंपिकला गेलेल्या कुस्तीगीर खाशाबा जाधवांसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकल्याची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. वांद्र्याच्या त्या वर्गणीची मात्र आठवण कुणी काढत नाही.

मेरी नुसत्या धावपटू नव्हत्या. १९५१च्या दिल्ली एशियाडमध्ये त्यांना रिलेत रौप्य आणि २०० मीटरला कांस्य मिळालं. पुढे १९५३ साली त्याच मेरी हातात स्टिक घेऊन इंग्लंडमधल्या फोकस्टोनला भारतीय महिला हॉकी संघातून खेळल्या. १९५४ला मनिलात पुन्हा धावपट्टीवर. तिथे ख्रिस्टीन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी या चौघींनी ४ बाय १०० मीटर रिले ४९.५ सेकंदांत जिंकून सुवर्ण आणलं. यातल्या स्टेफीही धावायच्या आणि हॉकीही खेळायच्या. १९६३ला त्यांना ॲथलेटिक्सचा अर्जुन पुरस्कार मिळाला, १९६४ला त्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावल्या.

अशा खेळाडूंना आपण कौतुकाने हरहुन्नरी म्हणतो. कौतुक खोटं नाही, पण अर्धवट आहे. दिल्लीच्या त्या पहिल्या एशियाडमध्ये बायांसाठी ॲथलेटिक्स सोडून एकही खेळ नव्हता. महिला हॉकी एशियाडमध्ये आली १९८२ला, ऑलिंपिकमध्ये १९८०ला. तोवर मेरींनी पन्नाशी गाठत आणली होती. पदक हवं तर धावा आणि हॉकी आवडते तर पदकाचं नाव काढू नका, असा तो मामला. ज्या खेळाचं दार त्या वर्षी किलकिलं असेल तिथून आत शिरायचं, हे धोरण त्यांनी काही हौसेने आखलेलं नव्हतं.

हे आपल्याकडे, वऱ्हाडातल्या इंझोरी-मानोरा-कारंजा पट्ट्यात, वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गावातून एसटीने कॉलेजला जाणारी मुलगी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कबड्डीत दिसते, खो-खोत दिसते आणि रिलेतही तीच दिसते. हिशेब साधा आहे. मैदानावर कबड्डीला सात जणी लागतात, खो-खोला नऊ, रिलेला चार. खेळायला घरून परवानगी मिळालेल्या बारा-चौदाच असल्या, की त्याच मुली तिन्ही संघांत फिरवल्या जातात. सकाळी पाठीवर खो बसलेला, दुपारी गुडघा सोललेला, त्यावर पट्टी बांधून बॅटन हातात. एखादीला विद्यापीठाचा कलर कोट मिळाला की सत्कार होतो. एकाच खेळावर तीन वर्षं घासली असती तर ती कुठवर गेली असती, हा प्रश्न सत्कारात कुणी विचारत नाही. गंमत म्हणजे शंभर वर्षांहून जुनं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच वऱ्हाडात, अमरावतीला आहे. खेळाची परंपरा आपल्याला कुठून उसनी आणायची नाही.

पण नुसत्या परंपरेने मुलींचे संघ उभे राहत नाहीत. अमेरिकेत २३ जून १९७२ला एक कायदा झाला, ‘टायटल नाइन’ नावाचा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष भेद करायचा नाही, एवढंच त्याचं मुख्य कलम. त्यात खेळाचा उल्लेखही नाही, तरी तिथल्या कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले. आपल्याकडे हे काम कायद्याने केलं नाही. थोडंबहुत केलं ते रेल्वेच्या नोकऱ्यांनी. मुंबईच्या डायना एडलजी बास्केटबॉल आणि टेबल टेनिस खेळून क्रिकेटकडे वळल्या आणि पश्चिम रेल्वेत नोकरी करत राहिल्या. भारतातली महिला क्रिकेट संघटनाच मुळी १९७३ची. पुण्याला झालेल्या पहिल्या आंतरराज्य स्पर्धेत संघ अवघे तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुरुषांइतकं सामना मानधन जाहीर व्हायला २०२२चा ऑक्टोबर उजाडला.

आता वांद्र्याचीच दुसरी मुलगी पाहा. जेमिमा रॉड्रिग्ज वयोगटाच्या स्पर्धांत हॉकी खेळली, तीही महाराष्ट्राकडून, आणि सोबत क्रिकेटही खेळत होती. मग तिने क्रिकेट निवडलं. ३० ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात तिने नाबाद १२७ धावा काढल्या. मेरी आणि जेमिमा यांच्या गुणांची तुलना करण्यात अर्थ नाही. जेमिमाला निवड करता आली, फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे.

मेरी डिसूझांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०१३ साली, मनिलाच्या सुवर्णानंतर ५९ वर्षांनी. इतका उशीर आपल्या मुलींच्या वाट्याला यायला नको. कॉलेजात क्रीडा शुल्क मुलीही भरतात. तेव्हा पालकांनो, पुढच्या प्रवेशाच्या वेळी पावतीवरच्या त्या रकमेवर बोट ठेवा आणि विचारा: यातून मुलींसाठी कोणत्या खेळाचा प्रशिक्षक ठेवला, आणि सराव संपल्यावर गावाकडची शेवटची एसटी त्यांना मिळते का?