युरोपला निघताय? आधी देशांची यादी वाचा

परदेशी जाताना आपण पॅकमध्ये किती जीबी मिळतात तेवढंच पाहतो. त्याआधी तो पॅक कोणकोणत्या देशांत चालतो, हे वाचायला हवं. युरोपीय संघात 15 जून 2017 पासून रोमिंगचा जादा आकार रद्द झाला. म्हणून पॅरिसमध्ये घेतलेलं सिम रोमलाही सहसा त्याच दरात चालतं. स्वित्झर्लंड मात्र संघात नाही! आपल्या मराठी पर्यटकांचा हा लाडका देश, आणि नेमका तिथेच हा नियम लागू नाही. कंपनीने स्वतःहून सवलत दिली असेल तरच तिथे जुना दर टिकतो. जिनिव्हा तर फ्रान्सच्या सीमेला खेटून आहे. टॉवरच्या लहरी सीमा मानत नाहीत, त्यामुळे फ्रान्सच्या हद्दीत उभं असतानाही फोन स्विस नेटवर्क पकडू शकतो.

ई-सिम घेणार असाल तर *#06# डायल करा. ईआयडी नावाचा 32 अंकी क्रमांक दिसला, तर फोनमध्ये ती सोय आहे. बँकेच्या ओटीपीसाठी भारतातलं सिम चालू राहू द्या, फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद करा. आणि ई-सिम घरच्या वायफायवरच उतरवून घ्या, विमानतळावर पोचेपर्यंत थांबू नका.