बेसा ते आंभोरा : एका दिवसाची वाट

विदर्भाला समुद्र नाही, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. देवदर्शन आणि सागरदर्शन एकाच फेरीत साधावे असे मनात आले की नागपूरकरांची दृष्टी साहजिकच कोकणाकडे वळते. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, कुणकेश्वर ही नावे ओठांवर येतात. मग रजेचा, खर्चाचा आणि लांबच्या प्रवासाचा हिशेब मांडला जातो आणि बेत बहुधा पुढच्या वर्षावर ढकलला जातो. परंतु उंचावरचे प्राचीन शिवालय, खाली अथांग पाणी, त्यावर डोलणारी होडी आणि काठावर वाळत घातलेले जाळे, एवढेच जर पाहावयाचे असेल तर सह्याद्री ओलांडण्याचे कारण नाही. नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या बेसा येथून सकाळी निघावे आणि दिवेलागणीस घरी परतावे, एवढ्या अंतरावर हे सर्व आहे.

ज्या दिशेने ही वाट जाते त्याच दिशेने पाणीही जाते, हे या प्रवासाचे वैशिष्ट्य. बेसा व पिपळा या भागांतील नाल्यांचे पाणी पोहरा नदीत उतरते. पोहरा पुढे नागनदीस मिळते, नागनदी कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला. कन्हान व वैनगंगा यांच्या संगमावर आंभोरा वसले आहे. म्हणजे प्रवासी ज्या तीर्थास मोटारीने दोनेक तासांत पोहोचतो, तेथेच त्याच्या घरामागच्या नाल्याचे पाणीही आपल्या गतीने पोहोचत असते. या एका गोष्टीचे मर्म ध्यानी ठेवले, तर पुढे जे दिसते त्याचा अर्थ नीट उलगडतो.

उमरेडच्या रस्त्याला लागून पाचगावापासून कुहीकडे वळावे. शहराची वस्ती मागे पडते आणि कापूस, तूर व धान यांची शेते दिसू लागतात. कुहीच्या पुढे मांढळ हे गाव लागते. बाजाराचे साधे गाव म्हणून बहुतेक प्रवासी येथे न थांबताच पुढे जातात. परंतु इतिहासाच्या दृष्टीने या गावाचा मान मोठा आहे. नागपूर विद्यापीठाने १९७० नंतरच्या दशकात येथे उत्खनन केले, तेव्हा वाकाटककालीन देवालयांचे अवशेष व शैव पंथाच्या विलक्षण मूर्ती उजेडात आल्या. वाकाटक राजांचे ताम्रपटही याच गावी सापडले असून त्यांत दुसरा रुद्रसेन, दुसरा प्रवरसेन व दुसरा पृथिवीषेण यांची दानपत्रे आहेत. यांपैकी दुसरा रुद्रसेन हा गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताचा जावई. त्याच्या अकाली मृत्यूनंतर त्याची राणी प्रभावतीगुप्ता हिने लहान मुलांच्या वतीने राज्यकारभार चालविला, हे सर्वश्रुत आहे. दीड हजार वर्षांपूर्वी, इ. स. च्या चौथ्या-पाचव्या शतकांत, या कापसाच्या व धानाच्या मुलुखात शिवाची देवालये उभी होती आणि राजे ब्राह्मणांस भूमिदाने देत होते, याची साक्ष मांढळची माती देते. जेथे मंदिर उभे नाही तेथेही मंदिराचा इतिहास असू शकतो, हा धडा प्रवाशाने येथे घ्यावा.

मांढळहून वेलतूरमार्गे आंभोऱ्यास पोहोचता येते. बेसा येथून हे अंतर सत्तर किलोमीटरांच्या आसपास भरते. रस्ता संपता संपता टेकडी दिसते आणि टेकडीवर चैतन्येश्वराचे देवालय. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा व कोलारी अशा पाच नद्यांचा संगम येथे होतो, असे परिसरातील लोक सांगतात. पायऱ्या चढून वर गेले म्हणजे गाभाऱ्याच्या गारव्यापेक्षाही बाहेरचा देखावा मनाला अधिक गुंतवितो. जिकडे पाहावे तिकडे पाणी आहे आणि त्यात मधूनच टेकड्यांची डोकी वर आलेली आहेत. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. त्या गर्दीत देव दिसतो, पण नदी दिसत नाही. म्हणून निवांतपणे पाहावयाचे असेल त्याने कार्तिक ते माघ या महिन्यांत एखादा साधा दिवस निवडावा.

मराठी भाषेच्या दृष्टीनेही हे स्थान पवित्र मानले जाते. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक. शके १११० म्हणजे इ. स. ११८८ हा त्याचा परंपरेने मानलेला काळ. या ग्रंथाची रचना आंभोऱ्यास झाली असे विदर्भातील अभ्यासकांचे व भाविकांचे म्हणणे आहे. मराठवाड्यातील अंबेजोगाईही हाच मान सांगते. हा वाद येथे सोडविण्याचे प्रयोजन नाही. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथांची समाधी आंभोऱ्यास दाखविली जाते व तिच्यावर भाविक माथा टेकतात, एवढे मात्र खरे. ज्ञानेश्वरांच्या शंभर वर्षे आधी मराठीत वेदान्त सांगण्याचे धाडस ज्याने केले, त्याचे स्मरण करण्यास संगमाचा हा काठ अत्यंत योग्य आहे.

देवालय पाहून झाल्यावर खाली काठाशी उतरावे. येथे धीवरांचे जग सुरू होते. मत्स्यगंधेला व्यासाची माता करणाऱ्या महाभारताने धीवरांना कमी लेखले नाही. शहरातल्या माणसाला मात्र बाजारातील टोपलीपलीकडे त्यांची ओळख नसते. पूर्वी या लोकांचा संसार नदीच्या ऋतूंवर चाले. पावसाळ्याच्या पहिल्या पुराबरोबर मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढत. पूर ओसरला की मरळ, शिंगी, वाम व झिंगे यांचा हंगाम येई. उन्हाळ्यात पात्र उघडे पडले म्हणजे त्याच वाळूत डांगर, टरबूज व काकडी यांच्या वाड्या लावल्या जात. आणि वर्षभर डोंग्यातून माणसांना व यात्रेकरूंना पैलतीरी पोहोचविण्याचे काम असे. मासा, वाडी आणि उतार अशी ही तीन पायांची घडवंची होती; एक पाय लंगडा झाला तर दुसरे दोन तिला सावरून धरीत.

गेल्या काही दशकांत हे तिन्ही पाय हलले. दक्षिणेस पवनीजवळ गोसीखुर्द येथे वैनगंगेवर मोठे धरण बांधावयाचे ठरले आणि २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. नागपूर, भंडारा व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमिनीस पाणी द्यावे हा त्याचा हेतू. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी मिळणे ही इष्ट गोष्ट होय, याविषयी दुमत नाही. परंतु धरणाचे पाणी जसजसे मागे पसरले, तसतशी काठची कित्येक गावे नव्या जागी हलवावी लागली. आंभोऱ्यापाशी जे अथांग पाणी पाहून प्रवासी हरखतो, ते याच धरणाचे फुगवट्याचे पाणी आहे. वाळू बुडाली तशी डांगरवाडी गेली. भिंत आडवी आल्याने माशांची चढण अडली. वाहत्या पात्रासाठी विणलेले जाळे खोल जलाशयात पुरे पडेना. आता मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडून मासेमारी करावी लागते. नदी ज्याचे शेत होती त्याला आता बीज विकत घेऊन पेरावे लागते.

तिसरा पाय उताराचा. आंभोऱ्याजवळ कुही तालुका व भंडारा जिल्हा यांना जोडणारा, तारांनी तोललेला भव्य पूल २०२४ साली वाहतुकीस खुला झाला. त्याच्या उंच मनोऱ्यात संगमाचे दर्शन घेण्यासाठी सज्जा केलेला आहे. या पुलाने शेतकऱ्याची, विद्यार्थ्याची व रोग्याची सोय झाली, ही गोष्ट निर्विवाद. नावाड्याचा उतार मात्र त्याच दिवशी संपला. सहलीस आलेल्या कुटुंबांना जलविहार घडविणे व काठावर ताजी मासळी तळून देणे, असा नवा उद्योग काहींनी धरला आहे. म्हणून प्रवाशाने तेथे खर्च करावयाचे चार पैसे नावाड्याच्या व मासळीवालीच्या हाती द्यावे. ती दया नव्हे, व्यवहारच आहे.

आणि आता पुन्हा पाण्याकडे. नागपूर शहर आपल्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग पेंच व कन्हान या नद्यांतून घेते, आणि वापरलेले पाणी नागनदीच्या वाटेने पुन्हा कन्हानलाच परत करते. घेतले त्यापेक्षा फार वाईट स्थितीत ते परत जाते. मैल्याबरोबर आलेल्या द्रव्यांवर जलपर्णी पोसते, पाण्यातील प्राणवायू उणावतो, आणि त्याचा पहिला फटका माशाला व त्याच्यामागून धीवराला बसतो. नागनदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे एकोणीसशे कोटी रुपयांच्या योजनेस केंद्र शासनाने मान्यता दिली आहे. परंतु अशी योजना केवळ यंत्रांनी सिद्धीस जात नाही. प्रत्येक नव्या वसाहतीचे सांडपाणी कोठे जाते, हे विचारणारे रहिवासी तिला हवे असतात.

परतताना पूल ओलांडून भंडाऱ्यास जावे. हे अंतर थोडेच आहे. तेथून राष्ट्रीय महामार्गाने नागपूरकडे निघाले म्हणजे मौद्यापाशी कन्हान पुन्हा भेटते. तिचे पाणी वैनगंगेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. विदर्भाला समुद्र नाही हे खरे. पण समुद्राकडे जाणारे पाणी विदर्भाच्या प्रत्येक अंगणातून निघते. त्याच्या पहिल्या टप्प्यावर एक शिवालय आहे आणि त्या शिवालयाच्या पायाशी जाळे टाकणारी माणसे आहेत. सायंकाळी बेसा येथे परतलेल्या कुटुंबाने घराजवळचा नाला पुलावरून ओलांडताना क्षणभर खाली पाहिले, तर ही फेरी सार्थकी लागली असे म्हणण्यास हरकत नाही.